उजेडाचा सरवा

अबुधाबीहून पश्चिमेला, सौदीच्या सीमेकडे जाणारा हमरस्ता मुसफ्फा ओलांडतो आणि उजव्या हाताची जमीन एकदम आडवी होते. वाळूच्या टेकड्या संपतात, खजुरींची रांग संपते, नजरेला अडवायला खुंटही उरत नाही. करड्या चिखलावर मिठाची पांढरी पापडी. तिच्या पलीकडे समुद्र आहे, पण तो दिसत नाही. उन्हात थरथरणाऱ्या हवेवरून त्याचा नुसता अंदाज येतो. ही सबखा. किनाऱ्याच्या कडेकडेने ती सुमारे ३०० किलोमीटर पसरली आहे. याच रस्त्याने माणसं रुवैसच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडे जातात, बराकाच्या अणुवीज केंद्राकडे जातात. सबखाकडे बघायला कुणी गाडीचा वेग कमी करत नाही.

मी पेणजवळच्या खारेपाटात वाढले. खारी जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, असं आमच्याकडे कुणी मानत नाही. बांधाला खांड पडून भरतीचं पाणी शेतात शिरलं की मोठी माणसं हवालदिल व्हायची हे खरं, पण त्याच पाण्यावर खाजणातली मासळी पोसायची आणि मिठागरं पिकायची. मिठागराच्या तळाशी जमणारं बुळबुळीत शेवाळ आम्ही पायांनी ओळखत होतो. त्यामुळे सबखा पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती ओसाड वाटली नाही. हिच्यात काहीतरी जगत असणार, एवढं मनाने आधीच धरलं होतं.

जगणारं ते काय, हे हिवाळ्यातल्या एका ओहोटीला दिसलं. निसर्गनिरीक्षणाची आवड असलेल्या काही मंडळींबरोबर आम्ही भरतीच्या रेषेपर्यंत चालत गेलो होतो. तिथे जमिनीला काळपट, चिवट साल धरली होती. ऊन खाऊन ती तडकली होती, पाचकोनी-सहाकोनी तुकड्यांत विभागली होती आणि प्रत्येक तुकड्याची कड वर वळली होती. आमच्यातल्या एका भूशास्त्राच्या अभ्यासकांनी चाकूने इंचभर कड कापून हातावर ठेवली. वर तपकिरी थर, त्याच्या खाली गर्द हिरवा, त्याच्या खाली गुलाबी-जांभळा, आणि सगळ्यांत खाली काळा, सडक्या अंड्यांच्या वासाचा. पेन्सिलीच्या जाडीएवढ्या त्या कापात चार रंग होते आणि चारही थर जिवंत होते.

वरच्या थरांत राहतात सायनोबॅक्टेरिया. शेतकी खात्याच्या पुस्तिकांतून आपण त्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणून ओळखतो. भाताच्या खाचरात हे जीव हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, हे पी. के. डे या बंगाली शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिलं. लोणारच्या सरोवराचं पाणी हिरवं दिसतं तेही यांच्याच भाऊबंदांमुळे. सबखावर त्यांतला मायक्रोकोलियस नावाचा जीव पुष्कळ सापडतो. त्याचे केसापेक्षा बारीक तंतू एका चिकट म्यानात जुडीने राहतात, आणि ते सरकतात. दुपारचं ऊन असह्य झालं की तंतू खाली उतरतात, उजेड मवाळ झाला की वर येतात. आपण उभे असतो तिथे पायाखाली रोज अशी चढउतार चालू असते. गोगलगायी हे शेवाळ आवडीने खातात, पण जिथे पाणी नेहमीच्या समुद्राहून कितीतरी खारट होतं तिथे गोगलगायी टिकत नाहीत. साल टिकते. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी याच जातकुळीच्या जीवांनी सोडलेल्या ऑक्सिजनने पृथ्वीची हवा बदलायला सुरुवात केली. त्या वेळच्या उथळ किनाऱ्यांवर नुसती अशीच साल असणार. अबुधाबीच्या किनाऱ्यावर तो देखावा आजही डोळ्यांनी बघता येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

माझं पोट विजेवर चालतं. वितरणाच्या कामात, सबस्टेशनमध्ये. इथे उन्हाळा म्हणजे आमचा सुगीचा आणि चिंतेचा काळ. घराघरातले एसी रात्रंदिवस चालतात आणि भाराचा आलेख खाली यायचं नाव घेत नाही. माझ्या रोजच्या बोलण्यात मेगावॉट असतात. अल धफ्राचं सौर केंद्र २,००० मेगावॉटचं, सुमारे ४० लाख पॅनलांचं. बराकाच्या चार अणुभट्ट्या मिळून ५,६०० मेगावॉट, देशाच्या विजेचा जवळजवळ पाव हिस्सा. अशा आकड्यांत दिवस घालवणाऱ्या मला, त्या काळपट सालीतूनही वीज निघते हे कळलं, तेव्हा आधी झोप उडाली आणि मग वाचनाचा नाद लागला.

गोष्ट अशी आहे. सूर्यकिरण पेशीतल्या हरितद्रव्यावर पडला की तिथे पाण्याचा रेणू फोडला जातो. ऑक्सिजन बाहेर पडतो आणि सुटलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, हातोहात, पुढे दिले जातात. त्यांच्या जोरावर पेशी कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवते. या वाटेवर थोडे इलेक्ट्रॉन पेशीबाहेर निसटतात. पेशींना टेकून कार्बनचा किंवा धातूचा एक तुकडा ठेवला तर ते त्यावर उतरतात, तारेतून दुसऱ्या टोकाला जातात, आणि तिथे ऑक्सिजन व हायड्रोजनचे आयन त्यांना भेटून पुन्हा पाणी तयार होतं. सुरुवात पाण्यापासून, शेवट पाण्यात, आणि मधल्या तारेत वीज. रात्रीही ती पुरती थांबत नाही. दिवसा साठवलेली साखर पेशी अंधारात खर्चतात, आणि इलेक्ट्रॉनांचं झिरपणं मंदपणे चालू राहतं. सूर्य मावळल्यावर सौर पॅनलकडून काही मिळत नाही, इथे मिळतं.

सूक्ष्मजीवांपासून वीज मिळते हे जगाला पहिल्यांदा १९११ साली कळलं. ड्युरम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी यीस्टच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवून ती मोजली होती. यीस्टला खायला घालावं लागतं. उजेडावर जगणाऱ्या जीवाला नुसता उजेड, पाणी आणि हवा पुरते, म्हणून नंतरच्या संशोधकांचं लक्ष सायनोबॅक्टेरियाकडे वळलं. २०२२ च्या मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठातले ख्रिस्तोफर हाव, पाओलो बोंबेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. पेन्सिल सेलच्या आकाराच्या डबीत सिनेकोसिस्टिस जातीचे सायनोबॅक्टेरिया आणि ॲल्युमिनियमचा इलेक्ट्रोड एवढंच ठेवलं होतं. त्या डबीने आर्म कंपनीचा एक छोटा मायक्रोप्रोसेसर सहा महिन्यांहून अधिक काळ चालवला, प्रयोगशाळेबाहेर, घरातल्या साध्या उजेडात. तो पाऊण तास ओळीने येणाऱ्या पूर्णांकांच्या बेरजा करायचा, पाव तास विसावा घ्यायचा, पुन्हा बेरजा. बेरजा करताना ०.३ मायक्रोवॉट, विसाव्यात ०.२४. यातला किती वाटा जीवांचा आणि किती वाटा ॲल्युमिनियम झिजण्याचा, हा प्रश्न त्या संशोधकांनी स्वतःच निबंधात मांडला आहे. तो वाचून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

आता हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय विजेबद्दल बोलणं मला पटत नाही. ९ वॉटचा एक एलईडी दिवा लावायचा तर अशा ३ कोटी डब्या लागतील. याहून जोरदार यंत्रंही बनली आहेत. केंब्रिजमध्येच काडी लीस सार आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दर चौरस मीटरला अर्ध्या वॉटपर्यंत मजल मारली. उजेड झेलण्याचं काम एका कप्प्यात आणि वीज देण्याचं दुसऱ्यात, अशी विभागणी करून त्यांनी हे साधलं. तरीही दीड हजार वॉट खाणाऱ्या एका एसीला या दराने ३,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण एकर जागा लागेल. तेवढीच वीज भर उन्हात साधं सौर पॅनल सात-आठ चौरस मीटरमध्ये देतं. सूक्ष्मजीवांच्या विजेवर उद्या शहरं उजळतील, असं सांगणाऱ्या बातम्या अधूनमधून येतात. त्या लिहिणाऱ्यांनी हा भागाकार करून पाहिला असता तर बरं झालं असतं. अशा बातम्यांनी या जीवांचं भलं होत नाही. ज्याचं वचन त्यांनी दिलंच नव्हतं ते पुरं केलं नाही म्हणून लोक त्यांना विसरून जातात.

पण या देशात बसून तो भागाकार केला की त्याच्या मागे दुसराच एक विचार येऊन उभा राहतो. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, इथे उथळ आणि कोमट समुद्र होता. त्यात उजेडावर जगणारे असंख्य सूक्ष्म जीव मेले, तळाच्या गाळात, जिथे ऑक्सिजन पोचत नव्हता तिथे, गाडले गेले, दबले, तापले. अबुधाबीच्या तेलाचा मोठा भाग त्यांच्यापासून आला. आणि ते तेल वर झिरपून नाहीसं का झालं नाही? अनेक ठिकाणी त्यावर ॲनहायड्राइटचं घट्ट झाकण बसलं म्हणून. हा क्षार असा कुठे तयार होतो, याचं जितंजागतं उदाहरण भूशास्त्रज्ञांना इथल्या सबखाने दिलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे डग्लस शिअरमन आणि त्यांचे साथी इथे येऊन चिखल खणत राहिले, आणि सबखाच्या गाळात ॲनहायड्राइट आज, आत्ता तयार होत आहे, हे त्यांनी १९६३ साली जाहीर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, दास बेटावरून अबुधाबीच्या तेलाचं पहिलं जहाज निघालं होतं. पुढे १९६८ साली केंडल आणि स्किपविथ यांनी खोर अल बझम या खाडीतल्या काळ्या सालीचा सविस्तर अभ्यास छापला. म्हणजे एकीकडे जुन्या उजेडाचा साठा उपसून जगभर जाऊ लागला होता, आणि त्याच वर्षांत काही माणसं गुडघ्यावर बसून त्या साठ्याच्या मुळाशी असलेला जीवनक्रम हातावर घेऊन बघत होती.

जुना साठा मेलेल्यांचा होता. त्यांनी आयुष्यभर जमवलेलं सगळंच्या सगळं आपल्याला मिळालं, कोट्यवधी वर्षांचं एकदम. म्हणून तेल इतकं दांडगं. जिवंत पेशी मात्र आपलं बहुतेक सगळं स्वतःसाठी वापरते: साखर करते, म्यान विणते, तुटलेली प्रथिनं दुरुस्त करते, वाढते. आपल्याला मिळतं ते निसटलेलं. आमच्याकडे भात कापून झालं की शेतात पडलेल्या लोंब्या वेचायला बायका-पोरं उतरायची. सरव्यावर कुणाची कोठारं भरत नसत. पण त्यासाठी उभं पीक कापावं लागत नसे, आणि शेतमालकाचं काही जात नसे. सायनोबॅक्टेरियाची वीज ही अशीच सरव्याची आहे. मेगावॉटच्या तराजूत तिला तोलणं मला अन्यायाचं वाटतं. तिला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: इतकं थोडं, पण इतकं सतत आणि कुणाला न मारता मिळणारं, कुठे उपयोगी पडेल?

पीक वाढवायचा प्रयत्नही होतो आहे, आणि तो अडवावा असं मी म्हणत नाही. केंब्रिजमध्येच जेनी झँग यांच्या गटाने २०२२ साली धातूच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांपासून उंच मनोऱ्यांचे इलेक्ट्रोड छापले. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जीव राहतात, त्यांना उजेडही मिळतो आणि टेकायला भिंतही. पण माझं मन रेंगाळतं ते या किनाऱ्याच्या जीवांपाशी. प्रयोगशाळेतला सिनेकोसिस्टिस गोड्या पाण्यातला, सुखवस्तू हवामानातला. इथे गोडं पाणी म्हणजे समुद्राचं मीठ काढून, त्यासाठी वीज जाळून केलेलं पाणी. ते खर्चून वीज बनवण्यात अर्थ नाही. सबखाची साल उलट खारट पाण्यातच राहते, पन्नास अंशांवर तापलेली जमीन सोसते, आठवडे कोरडी पडून राहते आणि भरतीचं पाणी लागलं की पुन्हा हिरवी होते. शिवाय खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतात, त्यामुळे यंत्राच्या आतला अडथळा कमी होतो. वाळवंटी जीवांत असे गुण दडलेले असतात हे इथल्या संशोधकांना ठाऊक आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबुधाबी शाखेतल्या गटाने अमिरातीत सापडलेल्या क्लोरॉयडियम या हिरव्या शेवाळाचा जनुकसंच २०१७ साली प्रसिद्ध केला. ते शेवाळ कमी-जास्त खारटपणात सारखंच तग धरतं आणि अंगात पाम तेलासारखं तेल साठवतं.

तो चार रंगांचा काप मला पुन्हा पुन्हा आठवतो तो विजेच्या अंगाने. वरच्या हिरव्या थरात दिवसा ऑक्सिजन भरून राहिलेला असतो. काही मिलिमीटर खाली, काळ्या थरात, ऑक्सिजन मुळीच नाही, आहे तो हायड्रोजन सल्फाइड. एक इलेक्ट्रॉन घ्यायला टपलेला, दुसरा द्यायला तयार. माझ्या धंद्यात अशा दोन टोकांना आम्ही एकच नाव देतो: बॅटरी. कुणी इलेक्ट्रोड रोवो वा न रोवो, ही साल मुळातच विभवांतर बाळगून बसलेली आहे. आणि गाळातल्या सूक्ष्मजीवांकडून अशी वीज घेऊन खरं काम करून दाखवल्याचं उदाहरणही आहे. अमेरिकेत लेनर्ड टेंडर आणि सहकाऱ्यांनी पोटोमॅक नदीच्या तळाच्या गाळात इलेक्ट्रोड पुरून, पाण्यावर तरंगणारं हवामान केंद्र चालवलं. त्याचा वृत्तांत २००८ साली छापला गेला. हवेचं तापमान, दाब, आर्द्रता आणि पाण्याचं तापमान ते मोजत होतं. ते जीव उजेडावर जगणारे नव्हते, गाळातलं सेंद्रिय द्रव्य खाणारे होते. पण सबखाच्या सालीत वरचे उजेड खातात आणि खालचे वरच्यांचं उरलेलं खातात, दोन्ही बिऱ्हाडं एकाच घरात आहेत.

म्हणून मला वाटतं, या विजेचं पहिलं काम या सालीचीच राखण करणं हे असावं. तिच्यावर लक्ष ठेवायची आज फार गरज आहे. खारफुटीला आता चाहते मिळाले आहेत. २०३० पर्यंत १० कोटी खारफुटीची झाडं लावायचा संकल्प या देशाने सोडला आहे, शाळेची मुलं रोपं लावायला जातात, आणि ते मनापासून चांगलंच आहे. काळ्या सालीचं रोप लावता येत नाही, तिच्यापुढे उभं राहून कुणी फोटो काढत नाही. अबुधाबीत कार्बन साठवणाऱ्या किनारी अधिवासांची मोजदाद झाली तेव्हा खारफुटी, समुद्री गवत आणि खारट दलदलीबरोबर या सालीचाही समावेश केला गेला, आणि तिच्या खालच्या गाळातही कार्बन साठलेला आढळला. मुसफ्फाच्या कालव्यासाठी सबखा खणली गेली तेव्हा कडेच्या कापात काही हजार वर्षांपूर्वीच्या सालीचा गडद पट्टा उघडा पडला. समुद्र मागे हटत गेला, साल त्याच्या मागोमाग सरकत गेली आणि आपली जुनी पावलं गाळात ठेवत गेली. एवढं टिकाऊ आहे हे सगळं. पण एक जड गाडी तिच्यावरून गेली की चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही, आणि भराव टाकून भरतीचा ओहोळ अडवला की त्याच्या वरची सगळी साल वाळून, उडून जाते.

इथे मोजमाप करायचं तर अडचण यंत्राची नसते, विजेची असते. ऑगस्टच्या उन्हात नेहमीची बॅटरी लवकर म्हातारी होते. छोट्या सौर पॅनलवर मीठ आणि धूळ बसून ते आंधळं होतं. बॅटरी बदलायला किंवा काच पुसायला माणूस पाठवायचा तर त्याची गाडी त्याच सालीवरून जाणार. सालीत रोवलेले दोन इलेक्ट्रोड ही फेरी वाचवतील. त्यांची वीज लगेच खर्चायची नाही. थेंबाथेंबाने कपॅसिटरमध्ये जमू द्यायची आणि दिवसातून एकदा एक छोटा संदेश पाठवण्यापुरती वापरायची. खलिफा विद्यापीठातली किंवा अल ऐनच्या विद्यापीठातली मुलं हे करू शकतील. त्यांतल्या कुणी मला बोलावलं तर सुट्टीच्या दिवशी चिखलात उभं राहून तारा जोडायला मी आनंदाने जाईन. कुठे रोवायचे हेही मनात ठरलेलं आहे: खोर अल बझमच्या काठाला, जिथे साल अजून अखंड आहे तिथे एक जोडी, आणि नव्या बांधकामाच्या भरावाला लागून दुसरी. भरती आठवड्यातून किती वेळा साल भिजवून गेली, दुपारी तिचं तापमान कुठवर चढलं, तिच्यावर साचलेल्या पाण्यातलं मीठ किती वाढलं, एवढंच मोजायचं. भरावाने पाणी अडलं तर दोन जोड्यांचे आकडे एकमेकांपासून फुटायला लागतील, आणि साल वाळून उडण्याच्या कितीतरी आधी ते कुणाच्या तरी टेबलावर पोचलेले असतील.